शेपूट ठेवून जाणारा चोर

मुळशी, ५ फेब्रुवारी
गुरुवार, कंपनीला सुट्टी

जया,

पाकीट उघडायच्या आधी खिडकी उघड. आत काडेपेटी आहे आणि काडेपेटीत जे आहे त्याला वास आहे. सुलक्षणाला मी सांगितलंय की सुका बोंबील आहे. तिच्यासमोर चेहरा तसाच ठेव.

फोनवर तू मला ब्लॉक केलंस, म्हणून कागद. आजकाल पत्र कोण लिहितं, मलाही कळतं. पण सुलक्षणा दिवसभर माझ्या कंपनीत बसते आणि मुक्कामाला बावधनला, तुझ्याच फ्लॅटवर जाते. इतकं सरळ टपाल सरकारकडेही नाही. तिची एकच अट आहे, पत्रात रडारड नको. म्हणून रडारड नाही. फक्त शी आहे.

थांब, फाडू नकोस.

तुमच्या घरच्या त्या जेवणाला मी नव्हतो. उरवड्यात सेकंड शिफ्टला होतो. जे झालं ते आईकडून कळलं, आणि आई गोष्ट सांगताना सगळ्यांचे आवाज काढते, त्यामुळे आधी मी हसत होतो आणि मग एकदम हसायचं थांबलो. तात्यांनी स्वतः रांधलेलं रोहूचं कालवण. आमच्या आप्पांनी पहिला घास घेतला आणि तात्यांना म्हणाले, "भिकू, मासा वळखीचा लागतोय." सगळे हसले. तुझे तात्यापण हसले. मग आप्पा म्हणाले, "हसू नगो. आमच्या तळ्यात वाढल्याला हाय. मला वळखायचा न्हाई व्हय?" सुपारीची तारीख काढायला आलेली माणसं तारीख न काढताच हात धुऊन उठली. आणि तुझा फोन आला: ज्या गावात माझ्या बापाला चोर म्हणतात तिथं मी सून म्हणून तर नाहीच, लेक म्हणूनसुद्धा येणार नाही.

यावर मला वाद घालायचा नाही. पण आमच्या शेततळ्यातले मासे खरंच जातायत, कुणीतरी नेतंय, आणि ते तात्या नाहीत. मला माहितीये. आप्पांना पटवता येत नाहीये, एवढंच.

आप्पांचा पुरावा असा. तळ्याच्या बांधावर चिखलात एक रुंद, गुळगुळीत घसरण उमटते. बांधावरून एकीकडे तळ्यात, दुसरीकडे सरळ ओढ्याकडे. "पोतं वढत न्हेलंय. अन् वढ्यापल्याड कोन ऱ्हातंय?" ओढ्यापल्याड तुम्ही राहता. केस संपली. मी म्हटलं, आप्पा, बांधावर माशांची शेपटं पडलेली असतात. चोर शेपूट ठेवून जातो का? तर म्हणाले, "मस्ती! मला खिजवायला ठिवतोय."

माझा अंदाज, ऊद. पाणमांजर. धरणाचं पाणी उतरलंय, तर ओढ्याने वर येत असणार. तुला आठवतं का, तू प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना ताम्हिणीच्या रस्त्यावर मला गाडी थांबवायला लावलीस आणि नदीतल्या एका खडकासमोर उकिडवं बसवलंस? त्या खडकावरची शी बघून तुझा चेहरा असा काही झाला होता की मला वाटलं, आपलं लग्न ठरलं. मी तेव्हा चेहराच बघत बसलो. शीकडे बघायला हवं होतं.

काडेपेटीतला ऐवज तळ्याच्या वरच्या अंगाला, खडकावर सापडला. उदाचाच आहे ना? एका शब्दात कळव.

अमोल


उरवडे, कँटीन
१० फेब्रुवारी

जया,

माझं पत्र मलाच परत आलं. लाल पेनने! दहावीला गणिताच्या पेपरवर एवढा लाल रंग बघून मी जेवलो नव्हतो, आणि आज कँटीनमध्ये दोन वेळा भात घेतला.

'माझा अंदाज' याच्यापुढे तू लिहिलंयस: "अंदाज नको. बघ आणि लिही."

काडेपेटीवर: "यात बोराच्या बिया आहेत. बोरं तळ्यात पोहत नाहीत. हे उदमांजर, झाडावर राहतं, याला माशांचं काही पडलेलं नाही. नापास. उदाच्या शीत खवले, काटे, खेकड्याचे तुकडे दिसतात. उघड्यावर, उंचवट्यावर, पुन्हापुन्हा एकाच जागी करतात, सगळं कुटुंब मिळून."

पोत्याच्या वाक्याखाली दोन रेघा: "पोतं ओढणाऱ्या माणसाला पाय असतात. त्याच्या पावलांचे ठसे कुठे आहेत?"

आणि खाली, कोपऱ्यात: "सुलक्षणाला खरं काय ते सांगितलंय. ती तुला भेटेल."

भेटली. जेवणाच्या रांगेत, सगळ्या शिफ्टसमोर. "अमोल, मी लातूरची आहे. आमच्याकडं पोरं पोरींना गुलाब देतात बे. तू शी देतोस? आणि मी ती डब्याच्या पिशवीत ठेवली होती!" पेंटशॉपची पोरं अजून हसतायत. आता प्रत्येक पत्राला पिरंगुटचा एक वडापाव असा ठराव झालाय, आणि काडेपेटी बंद. नमुने यापुढे शब्दांत पाठवायचे.

पण पाय, जया! पाय! मी बांधावर जाऊन बघितलं. जुन्या घसरणीभोवती आप्पांच्याच चपलांचे इतके ठसे आहेत की त्या हिशोबाने चोर म्हणून आप्पांनाच धरावं लागेल. म्हणून नव्या घसरणीची वाट बघितली. आज सकाळी मिळाली. ओली, ताजी, कडेला दव तसंच. शेजारी एकही पाऊल नाही. माणसाचं नाही, चपलेचं नाही. मी आप्पांना हात धरून आणलं आणि विचारलं, चोर काय उडत गेला?

आप्पांनी वाकून चिखल न्याहाळला. मग म्हणाले, "लई हुशार हाय त्यो."

अमोल


मुळशी, १२ फेब्रुवारी
गुरुवार

जया,

सापडलं! उदांचं संडास सापडलं! (हे वाक्य मी मोठ्याने ओरडलो तेव्हा शेजारची उषाकाकू कपडे वाळत घालत होती. गावात काय पसरेल ते पसरू दे.)

तळ्याचा ओढ्याकडचा कोपरा. तिथे बांध जरा उंच आहे आणि गवत झोपलंय, म्हणजे कुणीतरी लोळून लोळून सपाट केल्यासारखं. मधे ढीग. जुनी शी वाळून राखाडी, नवी काळपट आणि चिकट. काडीने उकरली. खवले, जया, नुसते खवले, उन्हात टिकल्यांसारखे चमकत होते. काटे. आणि खेकड्याच्या नांगीचा लाल तुकडा. वास घेतला. हो, नाक खाली नेऊन घेतला, कारण मला नापास व्हायचं नव्हतं. मासळीचाच वास, पण सडका नाही. चिलापी तेलात टाकल्यावर शेजारच्या घरात जेवढा येतो, तेवढा.

आणि ते वर कसे चढतात तेही कळलं. तळ्याच्या आतल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून कुणालाच चढता येत नाही, म्हणून मागच्या वर्षी आप्पांनी तळ्यात दोराला टायर बांधून सोडले होते. कुत्रं-वासरू पडलं तर बाहेर यावं म्हणून. टायरांवर खवले चिकटलेत. आप्पांनी स्वतःच्या हाताने चोरांना जिना बांधून दिलाय.

मग मी ओढा ओलांडून तात्यांकडे गेलो. तू सांगितलं नव्हतंस, पण गेलो. ते अंगणात जाळं विणत बसले होते. मी म्हटलं, तात्या, ऊद आहेत. तुम्ही रोज धरणात जाता, तुम्हाला तर माहीतच असणार.

"पयल्या दिसापासनं," ते म्हणाले. "माजी बी जाळी फाडत्यात."

"मग आप्पांना सांगितलं का नाही?"

"मी का सांगू? मी काय कोर्टात हुभा हाय व्हय?" त्यांनी गाठ मारली, दाताने दोरा तोडला. "ज्याला माजी खात्री न्हाई, त्याला उदाची कशी पटंल, सांग?"

त्यांनी चहा दिला, साखर जास्त घालून. तुझ्याबद्दल काही बोलले नाहीत. निघताना फक्त विचारलं, "बावधनच्या बसला लई गर्दी असती का रं सकाळची?"

अमोल


उरवडे, १७ फेब्रुवारी

जया,

तुझा लाल शेरा: "लेंडीघर बरोबर. पास. आता ठसे. बारीक माती चाळून कोपऱ्यावर पसर, सकाळी बघ. पाच बोटं, मधे पडदा, मागे शेपटाची रेघ. कुत्र्याला चार उमटतात. फोटो नको, आप्पांना जागेवर दाखव. डोळ्यांनी बघू देत."

तात्यांच्या वाक्याभोवती मात्र तू काहीच लिहिलं नाहीस. तिथे कागद जरा फुगलाय. सुलक्षणा म्हणाली बाटली सांडली. ठीके. बाटली सांडली.

आमच्याकडची माती चाळून चाळून हात दुखले, खडेच खडे. शेवटी आईने विचारलं काय चाललंय. सांगितलं. आई आत गेली आणि रांगोळीचा डबा घेऊन आली. "पांढरी घे. रंगाला हात लावशील तर बघ, ते दिवाळीचे हायेत." आणि मग तीच बांधावर आली, चाळणी घेऊन, आणि उदांच्या वाटेवर अशी सारखी रांगोळी पसरली की पाहुणेच यायचेत. जाताना सवयीने कडेला एक छोटं कमळ काढलं. मी म्हटलं, आई, ठसे घ्यायचेत. म्हणाली, "मग घे की. कमळ काय अडवतंय?"

उद्या सकाळी बघतो.

अमोल


१८ फेब्रुवारी

पाच.

जया, पाच! पाच बोटं, मधे पडदा, मागे रेघ! एकाने कमळावर पाय दिलाय!


मुळशी, १९ फेब्रुवारी
गुरुवार

जया,

काल लिहिताना शिफ्टची गाडी दारात हॉर्न देत होती. आज नीट सांगतो.

रांगोळीत बोटं अशी उमटली होती जशी पिठात मूल हात दाबतं. पसरलेली, गोल टोकांची, पुढे नखांचे टिंब, आणि बोटांच्या मधे पातळ कातड्याची पुसट कड. एक मोठं, एक त्याहून लहान, आणि एक अगदी छोटं, सगळीकडे धावलेलं. छोट्यानेच कमळ तुडवलंय. पिल्लू आहे, जया. आमच्या तळ्यावर पिल्लू येतंय.

आप्पांना आणलं. ते वाकले, गुडघ्यावर हात ठेवून.

"भिकूचं कुत्रं," म्हणाले.

मी याच्यासाठी तयार होतो. आमचा कुत्रा पिंट्या बरोबर नेला होता. त्याचा पाय धरून रांगोळीत दाबला. त्याला वाटलं खेळ आहे, त्याने माझं तोंड चाटलं. पाय उचलला. "मोजा."

आप्पांनी बोट टेकवून टेकवून मोजलं. "चार."

"आता हे."

पुन्हा बोट. पाचव्यावर बोट थांबलं. आप्पा परत पहिल्यापासून मोजायला लागले. आई मागे उभी होती. तोंडाला पदर, पण खांदे हलत होते.

"माणसाला येखाद्या सहा बोटं असत्यात," आप्पा म्हणाले. "कुत्र्याला पाच नसतील कशावरनं?"

आई म्हणाली, "व्हय. अन् त्याला शेपूट बी असंल भुईला घासणारं, अन् त्येच पोतं घिऊन येत असंल. चला, चहा गार व्हतोय."

आप्पा चहाला आले नाहीत. मी कंपाउंडवरून बघितलं तर एकटेच बांधावर बसले होते. ठसे पुसू नयेत म्हणून चपला काढून हातात घेतल्या होत्या.

मला वाटतं पटलंय. पण पटणं आणि ओढा ओलांडणं यात आमच्या आप्पांच्या बाबतीत फार अंतर आहे. तुझ्यापासून काही लपवत नाही, मला ती भीती आहे. ऊद सिद्ध होईल आणि तरी आप्पा तात्यांच्या दारात जाणार नाहीत. मग तू येणार नाहीस, आणि मी उदांचा तज्ज्ञ म्हणून म्हातारा होईन.

(हे रडारडीत धरू नये असं सुलक्षणाला सांग.)

अमोल


मुळशी, २६ फेब्रुवारी
तळ्याचा बांध

जया,

हे पत्र तीन माणसं लिहितायत. पेन फक्त माझ्या हातात आहे. त्यामुळे भाषा कुठेही जाऊ शकते.

आज पहाटे आप्पांनी मला हलवून उठवलं. "चल. रंगेहात धरायचा." कुणाला ते बोलले नाहीत. काठी घेतली, घोंगडी घेतली. बांधाच्या मागे आम्ही दोघं पालथे पडलो. आप्पांना पालथं पडता येतं हे मला आज कळलं. धुकं पाण्यावर बसलं होतं, तांबडं फुटत होतं.

आधी शीळ आली. बारीक, पाखरासारखी, पण खालून. ओढ्याकडचं गवत हललं आणि ते आले. एकामागे एक, पाठ वर काढत, खाली करत, जशी शिलाईची सुई कापडातून जाते. मोठे दोन आणि मागे पिल्लू, सारखं मागे राहतंय आणि सारखं ओरडतंय. बांधावर आले, त्याच कोपऱ्यात लोळले, पाय वर करून, आणि मग घसरत सरळ पाण्यात. आप्पांचं पोतं, जया! जिवंत, केसाळ पोतं! पिल्लाला घसरायचं एवढं आवडलं की ते टायरावरून परत वर आलं आणि उगाचच पुन्हा घसरलं.

मग मोठ्या दोघांतल्या एकाने एक रोहू वर आणला आणि टायरवर चढून बसला. दोन्ही हातांत धरून, डोक्याकडून, कचाकचा.

"आयला," आप्पा कुजबुजले. "माज्याच टायरवर बसून खातोय."

खाऊन झालं. शेपूट राहिलं. त्याने ते बांधावर टाकलं आणि मिशा पुसल्या.

आप्पा उठले. मला वाटलं काठी मारतात. पण त्यांनी काठी तिथेच ठेवली, वाकून मागे सरकले आणि ओढ्यात उतरले. पायजमा भिजवत ते मधोमध उभे राहिले आणि सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असं ओरडले, "भिकू! ए भिकू! चोर घावला! चोर!"

तुला माहितीये आपल्याकडे कसं असतं. अबोला असो, वैर असो, चोर म्हणून हाक आली की माणूस घरात बसत नाही. तात्या अनवाणी धावत आले, हातात वल्हं, अंगात नुसता बनियान. "कुटं हाय? कुटं हाय?"

"वरडू नगो. खाली पड आधी."

"तूच वरडतोयस की!"

दोघं माझ्या शेजारी पालथे पडले. ऊद आप्पांच्या आवाजाने बुडाले होते. आम्ही वाट बघितली. आधी पिल्लाचं डोकं वर आलं, मग सगळे. तात्या बघत राहिले.

"ह्यो व्हय तुजा चोर?"

"व्हय."

"पोतं कुटं हाय त्याचं?"

आप्पांनी घसरणीकडे बोट केलं.

"त्याला इचार की, मासा वळखीचा लागतोय का."

आणि जया, आप्पा हसायला लागले. आवाज न करता, बांधाला पोट दाबून, सगळी पाठ हलत होती. मग तात्यांनापण आवरेना. दोन म्हातारी माणसं तोंडात घोंगडीचं टोक कोंबून हसतायत आणि समोर उदाचं पिल्लू कान टवकारून बघतंय की ही कुठली जात.

हसणं थांबल्यावर आप्पा म्हणाले, "तोंड चालतंय रं माजं, भिकू."

"चालत न्हाई. पळतंय."

आता आप्पा सांगतील ते जसंच्या तसं लिहायचंय. ताकीद आहे.

"लिही. सूनबाई..."

"सूनबाई कुटली? अजून सुपारी न्हाई फुटली. जया लिही. माजी पोरगी हाय, मला इचार."

"बरं. जया. तुज्या बापाला मी चोर म्हनलो. चुकलो."

(इथे आप्पा थांबले. मी विचारलं, एवढंच? तात्या म्हणाले, "येवढंच? त्या दिशी तर लई बोलला व्हतास.")

"लिही पुढं. पंगतीत म्हनलो व्हतो, तर चुकलो बी पंगतीतच म्हननार. कानात न्हाई. ज्यांनी ज्यांनी आयकलं त्या समद्यांना बोलवनार. दिस तू ठरवायचा. कालवण भिकू करंल."

"मी? चुकलास तू, रांध बी तूच."

"मला कुटं येतंय?"

"मग शीक. हितं बसून सांगतो. आधी मासा वळखायला शीक."

जया, हे आता मिठावर भांडतायत, त्यामुळे मी मधेच माझं लिहून घेतो. ओढ्यात दोघंही उतरले, एक पायजमा भिजवून आणि एक वल्हं घेऊन. तू ज्यासाठी गाव सोडलंस ते आज सकाळी बांधावर संपलं. चाळणी आईने धुऊन ठेवलीये, रांगोळी अजून अर्धा डबा आहे. तुला स्वतःच्या हाताने ठसा मोजायचा असेल, मला माहितीये. आम्ही कोपऱ्यात कुणी पाय ठेवणार नाही.

मी आप्पांना विचारलं, तळ्याला जाळीचं कुंपण घालू या का, पुढच्या सुट्टीला? मासे सगळे जातील नाहीतर. ते ओला पायजमा पिळत होते. मग म्हणाले, "घालू की. पोरगी येऊन बघून जाऊ दे. तवर त्यांना मासं पुरलं पाह्यजेत."